बिनकार्बनचं मशीन

पहिल्यांदा ती दोघं आली तेव्हा मी एका पंपाची जळकी मोटार सोलत होते. म्हणजे आतली काळी पडलेली तार पक्कडीने ओढून काढत होते. या कामात तोंड आपोआप वाकडं होतं आणि मध्येच कुणी बोललेलं मला खपत नाही. म्हणून मान वर न करताच म्हटलं, "मिस्त्री नाहीत. वारले. तीन वर्षं झाली."

"माहीत आहे," दारातला माणूस म्हणाला. "आम्हाला तुम्हीच हव्या आहात, काकू."

मी पक्कड खाली ठेवली. एकतीस वर्षं मी या दुकानात वाइंडिंग करतेय, आणि एकतीस वर्षांत असं म्हणणारा हा पहिलाच. आमचं दुकान म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली आणि मध्ये पडदा. पुढे हे बसायचे. हे म्हणजे माझे यजमान. गिऱ्हाइकाशी बोलणं, मोटार उतरवून घेणं, पुन्हा जोडून देणं त्यांचं. पडद्यामागे मी. तार मोजणं, गुंडाळणं, कॉइल बसवणं, वार्निश मारणं माझं. गिऱ्हाईक मोटार नेताना म्हणायचं, "मिस्त्री, हात आहे तुमचा!" आणि मी आत मुकाट्याने बोटं चोळत बसायचे. मुकाट्याने म्हणजे गिऱ्हाईक जाईपर्यंत. नंतर यांची खैर नसायची.

आता पडदा काढून टाकलाय. कुणापासून लपायचं? हल्ली लोक मोटार जळली की भंगारात देतात आणि नवी आणतात. मुलगी लांब असते. रविवारी फोन करते, "आई, गोळी घेतलीस का?" विचारते, मी "घेतली" म्हणते, मग दोघींनाही पुढचं काही सुचत नाही. बाकीचे सहा दिवस मी रेडिओवर बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं देते. तो बिचारा ऐकून घेतो.

तर ती दोघं. माणूस सुतार होता, पंचेचाळिशीचा, कानामागे पेन्सिल. बरोबरची शाळेत शिकवणारी, तिशीतली, काखेत वही. दोघं वरच्या वस्तीतून आली होती. वरची वस्ती म्हणजे बसने दोन तास आणि पुढे तासभर चढण. अडतीस घरं. विजेची लाइन तिथे पोचलेली नाही आणि पोचायची चिन्हंही नाहीत. पण शेजारून बारमाही ओढा वाहतो. त्या ओढ्यावर चौदा वर्षांपूर्वी आमच्या यांनी एक मशीन बसवलं होतं. पाणी उंचावरून पाइपातून खाली येणार, चाक फिरवणार, चाक जनरेटर फिरवणार आणि घरोघरी दिवे लागणार. हे दर महिन्याला तिथे जायचे आणि एक मुक्काम करून यायचे. हे गेले आणि त्यानंतर चारेक महिन्यांत मशीन बंद पडलं.

"म्हणजे तेव्हापासून अंधारात आहात?"

"कंदील आहेत," मास्तरीणबाई म्हणाली. "खालच्या दोन-तीन मिस्त्रींना सांगून पाहिलं. येतो म्हणाले. चढण ऐकली की कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची म्हातारी आजारी पडते."

आता वस्तीने नवा जनरेटर घ्यायचं ठरवलं होतं. दोन प्रकारचे मिळतात एवढं त्यांना कळलं होतं. कुठला घ्यायचा हे मी कागदावर लिहून द्यायचं, मी लिहीन तोच येणार.

मी दोघांना स्टुलांवर बसवलं आणि चहा टाकला. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कधीपासून कुणी काही विचारलं नव्हतं.

"हे बघा, एक प्रकार म्हणजे यांनी बसवला होता तो. त्याच्या फिरत्या भागाला वीज पोचवावी लागते. त्यासाठी रिंगा असतात आणि रिंगांवर कार्बनचे तुकडे घासत राहतात. कार्बन झिजतात, बदलावे लागतात. वर दाब सांभाळणारा रेग्युलेटर, तोही कधी ना कधी डोळे मिटतो. पण मशीन ऐटीचं. जड मोटारसुद्धा दणक्यात उठवतं. दुसरा प्रकार म्हणजे आपली साधी मोटारच, उलट्या कामाला लावलेली. पाण्याने तिला तिच्या चालीपेक्षा जरा जास्त पळवायचं, कपॅसिटर जोडायचे, आणि नको असलेली वीज जिरवायला एक पेटी. झालं. रिंगा नाहीत, कार्बन नाहीत. जास्त ओझं टाकलं तर रुसते, दिवे जातात, पण जळत नाही. ओझं काढलं की पुन्हा तयार. बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस दिलं की वर्षानुवर्षं कुणा मिस्त्रीचं तोंड बघायला नको."

शेवटचं वाक्य बोलले आणि ते माझं मलाच ऐकू आलं.

खरं तर उत्तर तिथेच देता आलं असतं. घरटी तीन-चार दिवे, डोंगरावर जाणकार माणूस नाही, पहिलं मशीन एका माणसावाचून बंद पडलेलं. यात विचार करण्यासारखं होतं काय? बिनकार्बनचं घ्या, संपलं. पण मास्तरीणबाई चहा पिता पिता विचारत होती की एवढे वेढे मोजताना तुमची गफलत कशी होत नाही. आणि सुताराने न सांगताच माझ्या टेबलाचा हलणारा पाय ठोकून पक्का केला होता. तीन वर्षांत माझ्या टेबलाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. मी म्हटलं, "असं घाईने कसं सांगू? आधी पाण्याचं माप आणा."

पंधरा दिवसांनी ती दोघं माप घेऊन आली. बादली किती सेकंदांत भरते ते पाच वेळा मोजलं होतं. मी नाक मुरडलं. म्हटलं, ओढ्यावर खाच पाडलेली फळी आडवी लावा आणि खाचेतून किती उंच पाणी वाहतं ते मोजा. सुताराने फळी केली, मोजलं, पुन्हा आली. मग पाइप किती उंचीवरून उतरतो ते मोजायला लावलं. मग घरागणिक दिवे. मग उन्हाळ्यात ओढा किती आटतो ते म्हाताऱ्यांना विचारून या म्हटलं. हे सगळं लागतंच, खोटं काही नव्हतं. पण एका खेपेत सांगता आलं असतं ते मी पाच खेपांत सांगितलं. ती यायच्या आदल्या दिवशी मी दुकान झाडायचे आणि वार्निशचा वास जावा म्हणून खिडकी उघडी टाकायचे. दोन नवे कप आणले. रेडिओवाल्याशी भांडण कमी झालं.

पाचव्या खेपेला मास्तरीणबाई हसत म्हणाली, "काकू, आता काय आणू? ओढाच उचलून आणते!"

मीही हसले. मोजायचं काही उरलं नव्हतं. कागद घ्यावाच लागला. तेवढ्यात सुतार म्हणाला, "मला एक करवत लावायची आहे, विजेवरची. चालेल ना?"

बुडत्याला काडी मिळावी तशी मी ती करवत धरली. "मग तर प्रश्नच नाही," मी म्हटलं, "करवतीची मोटार उठवायची तर कार्बनचंच मशीन हवं." आणि लिहून टाकलं. खाली सही केली. दुकानातून जाणाऱ्या कागदावर माझी सही, पहिल्यांदाच.

मास्तरीणबाईने कागद दोनदा वाचला. "पण कार्बन कोण बदलणार, काकू?"

"मी आहे ना. दर महिन्याला येईन. पाय दुखले तर तुम्ही खाली या, कार्बन घेऊन जा, चहा पिऊन जा."

"आणि पुन्हा तसंच झालं तर? काकांच्या वेळी झालं तसं?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे की. म्हणून तर आलो," ती म्हणाली आणि कागद वहीत ठेवला. माझ्याकडे बघताना जराही संशय तिच्या डोळ्यांत आला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जुना पाया नव्या मशीनला चालेल का ते बघायला मी वर जायचं ठरलं. मशीन मागवायच्या आधीच. सुतार बसथांब्यावर घ्यायला आला होता. चढण मी शिव्या देत चढले. यांना त्या वयात, दर महिन्याला, हे कसं जमायचं कोण जाणे. मी कितीदा ओरडायचे, "त्या मशीनला कार्बन खायचं व्यसन लागलंय का? रिंग खडबडीत झाली असेल, आणा खाली, मी घासून देते." हे म्हणायचे, "असू दे गं." आणि पिशवी घेऊन निघायचे. माझ्याच्याने त्यांना धड दोन वाक्यं बोलतं करता आलं नाही कधी. घरात मी बोलायचे आणि हे ऐकून घ्यायचे. कधी कधी ऐकूनही घ्यायचे नाहीत.

मशीनची खोली ओढ्याला लागून होती, दगडी, पत्र्याच्या छपराची. पाया पाहिला, ठणठणीत होता. मग सवयीने जुन्या मशीनचं झाकण उघडलं. रेग्युलेटर जळून काळा पडला होता. मशीन बंद पडलं ते त्याच्यामुळे. मी आत बोट घातलं आणि रिंगेवरून फिरवलं. रिंग गुळगुळीत होती. कुठे चर नाही, ओरखडा नाही. कार्बन बाहेर काढले. यांनी शेवटच्या खेपेला घातलेले, त्यावर चार महिने चाललेले. जेमतेम नखाएवढे झिजले होते. दीड-दोन वर्षं सहज गेले असते.

"काका जुने कार्बन काढायचे, त्यांचं काय व्हायचं?" मी विचारलं.

"आहेत की," सुतार म्हणाला. कोपऱ्यातून त्याने पत्र्याचा डबा आणला. "फेकू नको म्हणायचे. मला लाकडावर खुणा करायला बरे पडतात."

डबा मी जमिनीवर पालथा केला. शंभरावर तुकडे असतील. सगळे जवळजवळ पुऱ्या लांबीचे. काहींच्या तर कडाही मोडलेल्या नव्हत्या. मी एकेक उचलून बघत गेले आणि एकही, एकही बदलायला झालेला नव्हता. माझ्या हातांना ते आधी कळलं आणि मग डोक्याला. अकरा वर्षं हे दर महिन्याला इथे येऊन चांगले कार्बन काढत होते आणि चांगले कार्बन घालत होते.

"कार्बन बदलायला किती वेळ लागायचा त्यांना?"

"पाच-दहा मिनिटं. मग बसायचे आमच्यात. पत्ते खेळायचे. गाणी म्हणायचे. काकू, काय गळा होता काकांचा! आमची म्हातारी माणसं अजून काढतात आठवण."

"गाणी? यांनी?"

"म्हणजे काय! तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं संसार केला आणि नवऱ्याला गळा आहे हे मला एका सुताराकडून कळलं. इतका संताप आला की डबा ओढ्यात भिरकवावा. एवढं चढून जीव रमवायला यायचे, आणि मी खाली वार्निशच्या वासात बसून यांच्या नावाच्या कॉइली भरत होते! अरे, मला म्हटलं असतं, चल, तर मी आले नसते का? आले नसते कदाचित. "कामं कोण करणार?" म्हणाले असते. आणि ते न विचारता का राहिले तेही मला त्या दगडी खोलीत बसल्या बसल्या कळलं.

"तुमच्याबद्दल बोलायचे," सुतार म्हणाला. माझा चेहरा बघून घाबरला असावा. "म्हणायचे, वाइंडिंग माझं नाही, तिचं आहे. माझ्याच्याने साधी कॉइल बसत नाही. म्हणून तर आम्ही सरळ तुमच्याकडे आलो."

मी पदर डोळ्यांना लावला. सुतार बाहेर जाऊन उभा राहिला. शहाणा माणूस.

रडून झाल्यावर मी यांच्यावर रागवायला बसले आणि राग धड टिकेना. कारण माझा कागद मास्तरीणबाईच्या वहीत होता. हे चांगले कार्बन बदलत राहिले, मी तेच करायला निघाले होते, माझ्याच सहीने. त्यांना निदान पुढचं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. यांच्या मागे ही अडतीस घरं अंधारात बसली, माझ्या मागे पुन्हा बसली असती. आणि कशासाठी? तर मला चहाला सोबत हवी म्हणून. लाज वाटली मला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी इतकी.

शाळेत जाऊन मी मास्तरीणबाईकडून कागद मागून घेतला आणि तिच्यासमोर फाडला. "चुकलं माझं. बिनकार्बनचं मागवा."

"आणि करवत?" सुताराने विचारलं.

"करवतीला वीज कशाला हवी? चाक फिरतंच आहे, त्याच्यावरून पट्टा काढ आणि करवत लाव. दिवसा करवत, दिवस मावळला की दिवे. सुतार आहेस की कोण?"

"पण काकू, चुकलं म्हणजे हिशेबात कुठे चुकलं?" मास्तरीणबाईने वही उघडली. तिला पाच खेपांची मापं तोंडपाठ होती.

"मापं बरोबर आहेत. मीच चुकले," मी म्हटलं. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही.

मोटार आली. आतलं वाइंडिंग मी उपसलं आणि त्यांच्या पाण्याला, त्यांच्या चाकाला जुळेल असं नव्याने भरलं. नऊ दिवस लागले. एकेक कॉइल अशी बसवली की माझ्या मागे वीस वर्षं कुणाला झाकण उघडावं लागू नये. वर नेऊन जोडून दिली, पट्टा ताणला, कपॅसिटर लावले. मग मास्तरीणबाईला सगळं शिकवलं. ग्रीस कधी आणि किती. बंद करताना आधी दिवे काढायचे, मग पाणी, उलटं केलं तर मशीन आपलं चुंबकत्व विसरतं आणि उठत नाही. विसरलंच तर बॅटरीच्या दोन तारा इथे आणि इथे क्षणभर टेकवायच्या. तिच्याकडून चारदा करवून घेतलं. पाचव्यांदा तिने माझ्याकडे न बघता केलं. मग सगळं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं. मला बोलवायची एकूण एक कारणं मी माझ्या हाताने पुसली.

पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा नुकतं अंधारायला लागलं होतं. सगळी वस्ती मशीनच्या खोलीपाशी जमली होती. सुताराने पाणी सोडलं, मोटार फिरायला लागली, मीटरचा काटा चढला, मी खटका ओढला. वर घरांमधून उजेड दिसला आणि एकच गलका झाला. मास्तरीणबाईने मला मिठी मारली. आणि मग सगळे आपापल्या घरातला दिवा बघायला पळाले. मास्तरीणबाईसुद्धा. साहजिक आहे, मीही पळाले असते. मशीनच्या खोलीत मी आणि मशीन. ते एका सुरात चाललं होतं, काही म्हणून खोट नव्हती.

त्याला आता आठ महिने झाले. वरून कुणी आलं नाही. फोन नाही, निरोप नाही. मी ओळखलं की मशीन बरं चाललंय. बिघडलं असतं तर आली असती. एखाद्या दुपारी मनात यायचं, एखादं बेअरिंग आवाज का करत नाही मेलं! मग स्वतःचीच भीती वाटायची. दुकानात दोन पंखे आणि एक मिक्सर येऊन गेला. रेडिओवाल्याशी पुन्हा बोलायला लागले.

काल मी मास्तरीणबाईला फोन लावला. तीन दिवस लावायचा म्हणत होते. कारण शोधून ठेवलं होतं.

"ग्रीस द्यायची वेळ झाली असेल ना?"

"दिलं काकू, मागच्याच आठवड्यात. भिंतीवर लिहिलंय ना तुम्ही."

"बॅटरी लावायची वेळ आली का कधी?"

"एकदा. सुतारकाकांनी दिवे न काढता पाणी तोडलं होतं. मी दोन तारा टेकवल्या आणि सुरू! तुम्ही अगदी निश्चिंत राहा काकू. तुम्हाला त्रास द्यायची वेळच येत नाही बघा."

"पट्टा?"

"पट्टाही छान. काकू, काही राहिलंय का बघायचं? मशीनचं काही चुकलं होतं का?"

पट्ट्याबद्दल मला आणखी सात प्रश्न विचारता आले असते. कपॅसिटरबद्दल दहा. जिभेवर आले होते. तो शंभर कार्बनांचा ढीग मला डोळ्यांसमोर दिसत होता. अकरा वर्षं त्या माणसाला एक वाक्य बोलता आलं नाही, ना माझ्याशी, ना वस्तीतल्या लोकांशी.

"मशीनचं काही नाही गं," मी म्हटलं. "मशीन चालणारच, मी भरलंय ते. काम काही नाही. मला इथे एकटीला करमत नाही. तुम्ही दोघं नुसतीच या."